सातवा रकाना

पुंता अरेनासमध्ये खिडकी उघडताना पाल्लं धरून ठेवावं लागतं,
वारा एकदा घेतलेलं परत देत नाही.
नोल्व्हिया ओयार्सो अंगातला कोट न काढताच बसते,
पडद्यावरची काळी पाटी पुढ्यात ओढते
आणि ऑकला म्हणते, चल, लाग कामाला.

काही नावं इथे आधीपासूनच असतात.
कुणी त्यांचं बारसं करत नाही, हाती शून्यही ठेवत नाही.
एनआर ओळी मोजत राहतो, पहिल्या वहीपासून शेवटच्यापर्यंत,
मागचं काही विसरत नाही.
त्याचा धाकटा एफएनआर, नवी वही उघडली
की पुन्हा एकपासून, जणू काल घडलाच नव्हता.
आणि एनएफ सांगतो, या ओळीचे तुकडे किती झाले.
नोल्व्हिया एवढंच ठरवते की तोडायचं कुठे:
अर्धविरामावर.
स्वल्पविराम तिकडे दशांशासाठी राखीव आहे.

एकतीस सालच्या वह्या, सामुद्रधुनीतलं एक दीपगृह.
रखवालदार एलेउतेरिओ बाआमोंदे,
मदतनीस रोसेंदो कार्कामो, वय एकोणीस.
दर चार तासांनी एक ओळ:
तारीख; वेळ; वारा; लाट; जहाजं; शेरा.
सहा तुकडे. वादळातही सहा.

तिने सांगून ठेवलंय, सहा नसतील तिथे
वहीचं नाव आणि ओळीचा आकडा दाखव.
टंकणारी पोरं शाळकरी आहेत, चुका होणारच.

नववी वही. ओळ दोनशे बारा. सात.
दोनशे तेरा. सात.
दोनशे चौदा.
अशा चाळीस.
कुणा गाढवाने अर्धविराम जास्तीचा मारलाय, ती पुटपुटते.
उपाय सोपा आहे: एनएफलाच सांगायचं, तू सहा.
मग सातवा तुकडा गळून पडतो,
ओळ पुन्हा सांधली जाते
आणि व्रणसुद्धा दिसत नाही.

बोट कळीवर टेकलेलं. मग,
सवयीने म्हणा, ती आधी शेवटचा तुकडा मागते.

३८,४
३८,९
३९,६
३९,६

ऑगस्ट महिना. दक्षिणेचा ऐन हिवाळा.
या पाण्यावर अडतीस अंश?

ती पूर्ण ओळ छापते.
वारा वायव्य, नऊ. लाट सात. जहाजं शून्य.
पुढची ओळ. जहाजं शून्य.
चाळीस ओळी जहाजं शून्य,
आणि शेऱ्याच्या पलीकडे, नौदलाने न आखलेल्या जागेत,
बारीक होत गेलेला एक आकडा:
४०,२

दोनशे बावन्न. सहा.

फक्त सहा. वारा आहे, लाट आहे.
ताप उतरला की माणूस,
एनएफला दोन्ही सारखेच.

कॉफीवर साय धरते. ती आता फक्त शेरे काढते.
त्यांच्या भाषेत 'मी' वेगळा लिहावा लागत नाही,
क्रियापदाच्या शेपटातच बसलेला असतो, 'आम्ही'ही तसाच,
कुणी जाहीर न करता.
आजारापूर्वी सगळीकडे लिम्पियामोस: पुसलं आम्ही.
त्या चाळीस ओळींत लिम्पिए: पुसलं, मी.
आणि नंतर क्रियापदच नाही.
भिंग. तेल. वात.
भिंग. तेल.
वही संपते.

दहावी वही. एफएनआर एक.
भिंग. वात.
दोन. तीन. ती बोटाने मोजते,
मोजणारे दोघं तिथे हजर असतानाही.
आठ: भिंग. तेल.
नऊ: लिम्पियामोस.

नोल्व्हिया कोटाची बटणं काढते.

एनएफची ती आज्ञा ती खोडून टाकते.
तक्त्याला आता सात मथळे लागतील,
वरिष्ठ विचारतील, हे काय.
ती लिहिते: ताप.
बाकीच्या हजारो ओळींना शेवटी
एकेक अर्धविराम जोडते, पुढे काही नाही.
चालवून बघते. सात, सात, सात.
रिकामा असला तरी तो मोजला जातो.